बर्नचा अंतिम सामना, १९५४ : न मिटलेल्या वादाची पार्श्वभूमी

४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात, वांकडॉर्फ मैदानावर, पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ असे हरवून फुटबॉलचा विश्वचषक प्रथमच जिंकला. जर्मनीत या सामन्याला ‘बर्नचा चमत्कार’ म्हणतात, तर हंगेरीत तो हातातून हिसकावून घेतलेला चषक मानणाऱ्या चाहत्यांची संख्या आजही कमी नाही. त्या विजयावर जर्मनीचा खरोखर हक्क होता का, यावर दोन्ही बाजूंनी सात दशके वाद चालू आहे आणि त्यात ऑफसाइडचा झेंडा, मोडलेला घोटा, पाऊस, बूट आणि इंजेक्शनच्या सुया असे बरेच काही येते. या प्रत्येक मुद्द्याचे वजन सारखे नाही, आणि ते ठरवायचे तर केवळ त्या नव्वद मिनिटांकडे पाहून भागत नाही.

हंगेरीचा तो संघ केवळ चांगला नव्हता, तर त्या काळी जगात त्याला तोड नव्हती. मे १९५० मध्ये ऑस्ट्रियाकडून हरल्यानंतर चार वर्षे तो एकही सामना हरला नव्हता. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला नमवून सुवर्णपदक जिंकले. (भारतीय वाचकांना ते ऑलिंपिक वेगळ्याच कारणाने माहीत असते, कारण याच युगोस्लाव्हियाने तेथे भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता आणि आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते.) २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले. युरोपच्या मुख्य भूमीवरील संघाकडून घरच्या मैदानावर इंग्लंडची ही पहिलीच हार होती. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टमध्ये परतीचा सामना झाला, त्यात तर इंग्लंडवर ७-१ अशी नामुष्की ओढवली. प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांच्या या संघात नांदोर हिदेगकुटी हा नऊ क्रमांकाचा आघाडीपटू पुढे न थांबता मागे सरकून खेळत असे. त्याच्यावर पाळत ठेवणारा बचावपटू त्याच्यामागे आपली जागा सोडून पुढे येई आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत फेरेन्स पुश्काश आणि शांदोर कोचिश घुसत. प्रतिस्पर्ध्यांना हे कोडे वर्षानुवर्षे सुटले नव्हते.

याउलट पश्चिम जर्मनीला महायुद्धानंतर फिफामध्ये पुन्हा प्रवेश मिळाला तो १९५० मध्ये, त्यामुळे त्या वर्षीच्या विश्वचषकात हा संघ नव्हताच. देशात राष्ट्रीय व्यावसायिक लीग नव्हती. बुंडेसलिगा सुरू व्हायला १९६३ उजाडावे लागले. कर्णधार फ्रिट्झ वाल्टर ३३ वर्षांचा होता आणि युद्धाच्या शेवटी सोव्हिएत कैदेत राहून आलेला होता. अंतिम सामन्यातील अकरा जणांपैकी पाच जण कायझर्सलाउटर्न या एकाच क्लबचे होते, आणि हा क्लब त्याच वर्षी जर्मन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात हॅनोव्हरकडून १-५ असा हरला होता. प्रशिक्षक झेप हेर्बर्गर यांनी तरीही त्याच खेळाडूंवर भिस्त ठेवली, म्हणून मायदेशी त्यांच्यावर बरीच टीका झाली.

वादाची पहिली ठिणगी अंतिम सामन्यात नव्हे, तर गटसाखळीत पडली. त्या वर्षीची स्पर्धेची रचना विचित्र होती. प्रत्येक गटात दोन मानांकित आणि दोन बिगरमानांकित संघ होते. मानांकित संघ आपसात खेळत नसत, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दोनच सामने येत, आणि दुसऱ्या जागेसाठी बरोबरी झाली तर प्ले-ऑफ, म्हणजे एक जादा निर्णायक सामना, होई. मानांकने पात्रता फेरी संपण्याआधीच ठरली होती. स्पेनसाठी राखलेले मानांकन, स्पेन बाद झाल्यामुळे, तुर्कस्तानकडे गेले. आणि पात्रता फेरीतला स्पेन-तुर्कस्तान यांच्यातील तिढा सुटला होता तो रोममध्ये एका लहान मुलाचे डोळे बांधून त्याच्या हातून काढलेल्या चिठ्ठीने. पश्चिम जर्मनी मात्र बिगरमानांकित राहिली. तिने तुर्कस्तानला ४-१ असे हरवले, आणि पुढचा सामना हंगेरीशी होता. हरलो तरी तुर्कस्तानला पुन्हा एकदा हरवून पुढे जाता येईल, हे हेर्बर्गर यांनी ओळखले आणि २० जूनला बासेलमध्ये आपल्या प्रमुख खेळाडूंपैकी अनेकांना बाहेर बसवून दुय्यम संघ उतरवला. हंगेरी ८-३ अशी जिंकली. तिकिटे काढून आलेल्या जर्मन प्रेक्षकांचा संताप झाला आणि हेर्बर्गर यांच्याकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. तीन दिवसांनी जर्मनीने तुर्कस्तानला ७-२ असे हरवले आणि त्यांचा हिशेब बरोबर ठरला.

हंगेरीचे चाहते या सामन्यातील दोन गोष्टी पुढे करतात. एक म्हणजे, ज्या संघाला आम्ही आठ गोल मारले तोच संघ दोन आठवड्यांत जगज्जेता कसा? या प्रश्नाला जोर वाटतो, पण तो टिकत नाही, कारण बासेलमधला संघ आणि बर्नमधला संघ हे एक नव्हतेच. दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. त्या सामन्यात बचावपटू वेर्नर लीब्रिख याच्या धसमुसळ्या टॅकलमुळे पुश्काशचा घोटा दुखावला आणि तो उपांत्यपूर्व व उपांत्य हे दोन्ही सामने खेळू शकला नाही. लीब्रिखने हे जाणूनबुजून केले असे हंगेरीत सरसकट मानले जाते. जर्मन बाजूने तो खेळातला अपघात म्हणून सांगितला जातो. हेतू सिद्ध करता येत नाही, परिणाम मात्र कोणी नाकारत नाही.

बाद फेरीत दोघांच्या वाटाही सारख्या नव्हत्या. हंगेरीला आधी ब्राझील भेटला. २७ जूनचा तो सामना ‘बर्नची लढाई’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. तीन खेळाडूंना मैदानाबाहेर काढले गेले आणि हाणामारी ड्रेसिंग रूमपर्यंत पोहोचली. हंगेरी ४-२ अशी जिंकली. मग लोझानमध्ये गतविजेत्या उरुग्वेशी गाठ पडली. निर्धारित वेळेत २-२ अशी बरोबरी झाली आणि जादा वेळेत कोचिशने दोनदा डोक्याने गोल करून सामना ओढून आणला. विश्वचषकात उरुग्वेचा तो पहिलाच पराभव होता. जर्मनीने त्याच दिवसांत युगोस्लाव्हियाला २-० आणि ऑस्ट्रियाला ६-१ असे हरवले. म्हणजे अंतिम सामन्याला जर्मन संघ ताजातवाना होता, तर हंगेरीचे पाय जड झाले होते. त्यातच सोलोथुर्न येथे त्यांच्या हॉटेलबाहेर आदल्या रात्री स्थानिक उत्सवाचे बँड वाजत राहिले आणि खेळाडूंची झोप झाली नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस होता. थंड, ओल्या हवेत फ्रिट्झ वाल्टरचा खेळ खुलतो, हे जर्मनीत सर्वज्ञात होते; युद्धात झालेल्या मलेरियामुळे त्याला ऊन सोसत नसे. आदिदासचे संस्थापक आडी डासलर यांनी जर्मन खेळाडूंसाठी हलके बूट बनवले होते आणि त्यांचे स्टड स्क्रूने बदलता येत, त्यामुळे चिखलासाठी लांब स्टड लावता आले. या बुटांचा उल्लेख कधीकधी असा होतो, जणू त्यांनीच सामना जिंकून दिला. माझ्या मते हा मुद्दा जर्मनीच्या विरोधात जात नाही. नियमांत बसणारी तयारी करणे हाही कर्तृत्वाचाच भाग आहे, आणि पाऊस दोन्ही संघांवर सारखाच पडत होता.

पुश्काश पूर्ण बरा नसतानाही खेळला आणि सहाव्या मिनिटाला त्यानेच गोल केला. आठव्या मिनिटाला जर्मन बचावपटू कोहलमायर आणि गोलरक्षक टोनी तुरेक यांच्यातील गोंधळाचा फायदा घेऊन हंगेरीच्या त्सिबोरने दुसरा केला. दहाव्या मिनिटाला माक्स मोरलॉकने आणि अठराव्या मिनिटाला हेल्मुट रानने गोल केल्यामुळे २-२ अशी बरोबरी झाली. हा बरोबरीचा गोल वादाचा आणखी एक धागा आहे. कॉर्नरवरून चेंडू आला तेव्हा जर्मनीच्या हान्स शेफरने गोलरक्षक ग्रोशिचची वाट अडवली, असे हंगेरीचे म्हणणे आहे, आणि आजच्या कसोटीने तो गोल कदाचित नाकारला गेला असता. पण त्या काळी गोलरक्षकाला असा धक्का लागणे पंच बऱ्याचदा चालवून घेत. त्यानंतर हंगेरीने हल्ल्यामागून हल्ले केले. हिदेगकुटीचा फटका गोलखांबाला लागला, कोचिशचा क्रॉसबारला, कोहलमायरने एक चेंडू गोलरेषेवरून बाहेर काढला, आणि तुरेकने इतके काही अडवले की जर्मन रेडिओचे समालोचक हेर्बर्ट झिमरमान यांनी भान हरपून त्याला ‘फुटबॉलचा देव’ म्हटले. ८४ व्या मिनिटाला बचावपटूने परतवलेला चेंडू रानकडे आला. त्याने आत वळून तो डाव्या पायावर घेतला आणि जमिनीलगत कोपऱ्यात मारला. जर्मनी ३-२ अशी पुढे गेली.

दोन-तीन मिनिटांतच पुश्काशने चेंडू पुन्हा जाळ्यात मारला. रेषापंच मर्विन ग्रिफिथ्स यांचा झेंडा वर गेला आणि पंच विल्यम लिंग यांनी ऑफसाइडचा, म्हणजे पास सुटताना पुश्काश बचावफळीच्या पुढे होता असा, निर्णय दिला. हंगेरीच्या तक्रारीचा गाभा येथे आहे. लिंग इंग्लिश होते आणि ग्रिफिथ्स वेल्श, म्हणून वेम्बलीच्या पराभवाचा सूड उगवला गेला, असाही संशय व्यक्त झाला. परंतु याच ग्रिफिथ्स यांनी चार दिवसांपूर्वी हंगेरीच्या उपांत्य सामन्यात पंच म्हणून काम केले होते आणि तो सामना हंगेरीने जिंकला होता, हे तो संशय घेणारे क्वचितच लक्षात घेतात. निर्णय बरोबर होता की चूक, हे ठामपणे सांगता येईल असे चित्रीकरण उपलब्ध नाही. सामन्याचे जे तुकडे उरले आहेत त्यांत पास सुटण्याचा नेमका क्षण आणि बचावफळीची रेषा एकत्र स्पष्ट दिसत नाही. म्हणून या एका निर्णयावर संपूर्ण विजय खोटा ठरवणे मला पटत नाही, आणि तो निर्णय निःसंशय योग्य होता असे जर्मन चाहत्यांनी म्हणणेही पटत नाही.

पराभवाची बातमी पोहोचताच बुडापेस्टच्या रस्त्यांवर लोक उतरले. कम्युनिस्ट नेता राकोशी याच्या राजवटीत एरवी निदर्शनांची कल्पनाही अशक्य होती, त्यामुळे त्या रात्रीच्या दंगलीत फुटबॉलपलीकडचा रोषही मिसळलेला होता. खेळाडूंनी गाड्यांच्या मोबदल्यात सामना विकल्याची अफवा पसरली. तिला कधीही कसला आधार मिळाला नाही. ग्रोशिचवर पुढे हेरगिरीचा संशय घेण्यात आला आणि त्याला राजधानीतून टाटाबान्याच्या क्लबमध्ये धाडण्यात आले. १९५६ च्या सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या उठावानंतर पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर देशाबाहेरच राहिले. बर्नच्या पराभवाशी या सगळ्या आठवणी जोडल्या गेल्यामुळे हंगेरीत त्याबद्दल बोलताना लोक केवळ एका सामन्याबद्दल बोलत नसतात.

उत्तेजकांचा आरोप पहिल्यांदा उघडपणे केला तो पुश्काशनेच, १९५७ मध्ये, एका फ्रेंच नियतकालिकात. त्यावर जर्मन फुटबॉल संघटनेने पुश्काश असलेल्या कोणत्याही संघाशी जर्मन क्लबांनी खेळू नये असे फर्मान काढले. १९६० मध्ये युरोपियन कप या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुश्काशचा तेव्हाचा क्लब रेआल माद्रिद आणि आइनट्राख्ट फ्रांकफुर्ट समोरासमोर आले तेव्हा पेच उभा राहिला. पुश्काशने लेखी माफी मागितली, सामना झाला, रेआलने तो ७-३ असा जिंकला आणि त्यातले चार गोल पुश्काशचे होते. माफीने सामना वाचला, पण संशय गेला नाही. अंतिम सामन्यानंतरच्या काही महिन्यांत अनेक जर्मन खेळाडूंना कावीळ झाली होती आणि ती नीट निर्जंतुक न केलेल्या सुईमुळे झाली असावी, असे मानले जाते. सुया टोचल्या गेल्या हे संघाच्या डॉक्टरांनीही मान्य केले. त्यांत फक्त क जीवनसत्त्व होते, असे त्यांचे आणि खेळाडूंचे म्हणणे राहिले. २०१० मध्ये लाइपझिग विद्यापीठातील संशोधनाने मात्र, ते पेर्विटिन असावे, अशी शक्यता मांडली. पेर्विटिन म्हणजे महायुद्धात जर्मन सैनिकांना थकवा घालवण्यासाठी दिले जाणारे मेथॲम्फेटामाइन. ही शक्यता आहे, पुरावा नव्हे.

सर्व मुद्दे तपासल्यावर जर्मन विजयावर खरी छाया टाकणारा मुद्दा मला हाच वाटतो. विश्वचषकात उत्तेजकांची तपासणी १९६६ मध्ये सुरू झाली, त्यामुळे बर्नमध्ये कोणी काही घेतले असले तरी ते पकडण्याची सोयच नव्हती. परंतु विजयावरचा हक्क नियमपुस्तकापुरता मोजायचा नसेल, तर या प्रश्नाला बगल देता येत नाही, आणि जर्मन बाजूने तो इतकी वर्षे बदनामी म्हणून झटकला गेला ही गोष्ट मला खटकते. दुसरीकडे, जगातील सर्वोत्तम संघ हंगेरीच होता हे मान्य केल्याने जर्मन विजय आपोआप खोटा ठरत नाही. बर्ननंतरही हंगेरी फेब्रुवारी १९५६ मध्ये इस्तंबूलला तुर्कस्तानकडून १-३ अशी हरेपर्यंत अजिंक्यच राहिली. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांत एकच पराभव. पण त्या एका दिवशी दोन गोलांची आघाडी आठ मिनिटांत आली आणि पुढच्या दहा मिनिटांत गेली, तेव्हा सामन्याची बहात्तर मिनिटे बाकी होती, आणि त्या बहात्तर मिनिटांत खांब, क्रॉसबार आणि तुरेक यांना चुकवून एक गोल करणे हंगेरीला जमले नाही.