परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? आधी पदवीचा कागद हातात आहे का ते बघा

"सर, कागदपत्रं सगळी आहेत," असं म्हणत लेकरं प्लॅस्टिकची फाईल माझ्यासमोर उघडतात. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, सगळं ओळीनं लावलेलं असतं. मी विचारतो, पदवी कुठंय? मग एका पिवळट कागदावर बोट ठेवलं जातं. त्यावर लिहिलेलं असतं: तात्पुरते पदवी प्रमाणपत्र.

लातूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवताना माझ्या विद्यार्थ्यांपैकी जपान, कोरिया किंवा आखातात शिकवायला जाऊ पाहणारे बरेच जण मी पाहिले. अर्ज परत आला की त्यांना वाटतं आपलं इंग्रजी कमी पडलं. मी पाहिलेले बहुतेक अर्ज कागदावर अडले होते, आणि त्यातले निम्मे तरी या एकाच कागदावर.

असं का होतं ते समजण्यासारखं आहे. निकाल लागला की तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर बी.एड.चा प्रवेश होतो, संस्थेत नोकरीही लागते. मूळ पदवीसाठी दीक्षांत समारंभाचा अर्ज वेगळा भरायचा असतो, त्याचं शुल्क वेगळं असतं, आणि त्या वर्षी घरात पैशांची ओढाताण असते. ते राहून जातं ते कायमचंच. तीन वर्षं परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याची पदवी मिळावी म्हणून पुन्हा अर्ज का करावा लागतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण व्हिसाला मूळ पदवीच लागते. तात्पुरतं चालत नाही, गुणपत्रिकांचा गठ्ठा चालत नाही आणि कॉलेजच्या लेटरहेडवरचं प्राचार्यांचं पत्रही चालत नाही. म्हणून नोकरी शोधायच्या आधी, आजच, त्या अर्जाला लागा.

अर्ज कुठल्या विद्यापीठाकडे करायचा यातही लोक चुकतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेडचं विद्यापीठ सुरू झालं सप्टेंबर 1994 मध्ये. त्याआधी लातूर किंवा परभणीतून बी.ए. झालेल्या माणसाची पदवी संभाजीनगरच्या विद्यापीठाची आहे. कॉलेज आज नांदेडकडे असलं तरी दुसरी प्रत नांदेडला मिळणार नाही. शिवाय संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला, त्याआधीच्या कागदावर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' छापलेलं आहे. परदेशातला अधिकारी नावं जुळवून बघतो आणि दोन वेगळी विद्यापीठं समजतो. अशा पदवीसोबत, हे विद्यापीठ तेच आहे असं विद्यापीठाचं पत्र जोडा.

पदवी मिळाली की तिला लॅमिनेशन करू नका. अहमदपूरकडची एक मुलगी आली होती. घराण्यातली पहिली पदवी, म्हणून वडिलांनी त्याच दिवशी बसस्टँडजवळच्या दुकानात नेऊन ती जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणली होती. सुरक्षित राहावी म्हणून. साक्षांकनाचे शिक्के आणि स्टिकर कागदाच्या पाठीवर लागतात, प्लॅस्टिकवर नाही. तिनं इस्त्रीच्या उष्णतेनं प्लॅस्टिक सोडवायचा प्रयत्न केला आणि कुलगुरूंच्या सहीचा अर्धा भाग प्लॅस्टिकबरोबर निघून आला. दुय्यम प्रत काढावी लागली, तोवर जागा गेली. कागद साध्या पारदर्शक पाकिटात ठेवा, एवढंच पुरतं.

शिक्क्यांची साखळी

पुढचा टप्पा साक्षांकनाचा. आधी विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी, मग राज्य शासनाच्या शिक्षण खात्याचा शिक्का, आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागदावरचा सही-शिक्का खरा असल्याचं सांगणारं स्टिकर. क्रम मोडला की कागद परत येतो. मंत्रालय 2012 पासून सामान्य माणसाकडून थेट कागद घेत नाही, नेमून दिलेल्या एजन्सींमार्फतच घेतं. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये, त्यावर एजन्सीची सेवा-आकारणी. एवढ्या कामाला कोणी पंचवीस हजार सांगितले, तर त्यातला प्रत्येक रुपया कशाचा आहे ते लिहून मागा.

एजंट एक प्रश्न हळूच विचारतो: "एसडीएमचं करू की एचआरडीचं?" एसडीएम म्हणजे दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का, तो लवकर होतो. एचआरडी म्हणजे आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याचा, त्याला विद्यापीठाची पडताळणी लागते म्हणून वेळ जातो. परराष्ट्र मंत्रालय दोन्हीवर अपोस्टिल लावतं, पण पलीकडची शाळा दोन्ही स्वीकारेलच असं नाही. आखाती देशांत तर विशेष सांभाळून. आधी शाळेकडून ईमेलवर लेखी घ्या, मग एजंटला सांगा.

अपोस्टिल म्हणजे नेमकं काय, याचाही घोळ असतो. त्या स्टिकरनं फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सिद्ध होतं. तुमची पदवी त्यांच्या देशातल्या पदवीच्या बरोबरीची आहे का, तुम्ही शिकवायला पात्र आहात का, याबद्दल ते काहीच सांगत नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं. जपान, दक्षिण कोरिया, ओमान, बहारीन आणि सौदी अरेबिया हेग करारात, म्हणजे एकमेकांचं अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात आहेत, तिथं अपोस्टिल चालतं. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत करारात नाहीत. तिथं परराष्ट्र मंत्रालयाच्या साध्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. अमिरातीसाठी अपोस्टिल करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, पैसेही गेले आणि महिनाही गेला.

पात्रता: इथं खोटी आशा विकली जाते

कोरियाचा ई-2 व्हिसा खासगी इंग्रजी क्लासेससाठी, ज्यांना तिथं हागवॉन म्हणतात, सात ठरावीक देशांच्याच नागरिकांना मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. त्यात भारत नाही. भारतीयांसाठी वाट आहे ती 1 जानेवारी 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारातून, आणि ती शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून. तिला पदवीसोबत शिक्षकाचा परवाना लागतो. "हागवॉनमध्ये लावून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आता हा परवाना. फॉर्मवर 'टीचिंग लायसन्स' असा रकाना असतो आणि आपल्याकडं असा कागद कुणाकडेच नसतो, कारण भारतात शिक्षकांना असं लायसन्स दिलंच जात नाही. टीईटी किंवा सीटीईटी ही पात्रता परीक्षा आहे, परवाना नाही. रकाना मोकळा सोडू नका आणि टीईटीचा क्रमांकही लिहून ठेवू नका. बी.एड.ची मूळ पदवी अपोस्टिल करून जोडा, तुमच्या बी.एड. कॉलेजला मिळालेल्या एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, मान्यतेची प्रत जोडा, आणि भारतात बी.एड. हीच शिक्षकाची व्यावसायिक पात्रता असल्याचं एका परिच्छेदात साध्या भाषेत लिहा. पण ते मान्य होईल का, हे आधी शाळेला विचारा. शाळेचं लेखी उत्तर फाईलमध्ये ठेवा.

जपानचा अडथळा वेगळा आहे, आणि आपल्या भागातल्या मुलांना तो फार लागतो. शाळेत शिकवण्यासाठीच्या 'इन्स्ट्रक्टर' प्रकारात, जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा इंग्रजी कितीही उत्तम बोलत असो, ही अट कागदावर पूर्ण करू शकत नाही. सेमी-इंग्रजीवाल्यांना वाटतं आपलं चालेल. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून, आणि शाळेनं प्रामाणिकपणे माध्यमाचा दाखला दिला तर त्यात तेच लिहिलेलं येईल. मुख्याध्यापक ओळखीचे आहेत म्हणून 'इंग्रजी माध्यम' असा दाखला आणू नका. बोर्डाच्या नोंदीत माध्यम असतं. एकदा खोटं सापडलं की पुढचे सगळे अर्ज संशयानं बघितले जातात.

मराठी माध्यमाच्या मुलांनी तिथंच खचू नये. खासगी संभाषण-शाळांसाठीचा व्हिसा वेगळ्या प्रकारात येतो. त्यात भाषा शिकवायला विद्यापीठाची पदवी असली की तीन वर्षांच्या अनुभवाचीही अट राहत नाही. तुमच्या नियोक्त्याला विचारा, अर्ज नेमका कोणत्या प्रकारात भरताय.

टेफलचं, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचं, ऑनलाइन प्रमाणपत्र ब्रिटनमधल्या कंपनीचं असेल, तर त्यावर दिल्लीत अपोस्टिल होत नाही. ज्या देशात कागद निघाला, त्याच देशात त्याचं अपोस्टिल होतं.

नाव

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर वेगळा क्रम. क्रम बदलला म्हणून सहसा कुणी अडवत नाही, स्पेलिंग बदललं की अडवतात. एकीकडं बाबुराव 'ओ'नं संपतो आणि दुसरीकडं 'व्ही'नं, एवढ्यावर अर्ज परत आलेला आहे. गुणपत्रिका दुरुस्त करणं अवघड, पासपोर्ट दुरुस्त करणं त्यामानानं सोपं.

लग्न झालेल्या मुलींचं दुखणं याहून मोठं आहे. पदवी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. मधला पूल म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि आपल्याकडं गावात झालेल्या किती लग्नांची नोंदच केलेली नसते! ग्रामसेवकाकडे जाऊन ती आता करून घ्या. तहसीलमधल्या बाँडवरचं 'ही एकच व्यक्ती आहे' हे प्रतिज्ञापत्र इथं चालतं, बाहेर बहुतेक ठिकाणी नाही. आणि लक्षात ठेवा, विवाह प्रमाणपत्र वैयक्तिक कागद आहे. तो शिक्षण खात्याकडे जात नाही, त्याचं राज्यातलं साक्षांकन वेगळ्या खात्यात होतं.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, म्हणून पासपोर्टवरचं जन्मस्थान बदलायला धावू नका. जुन्या कागदावर जुनंच नाव असणार. नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत सोबत ठेवा.

तारखा

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, कोरियाला सहा महिन्यांच्या आतला लागतो. हे सहा महिने दाखल्यावरच्या तारखेपासून मोजतात. दाखला तुमच्या हातात कधी पडला किंवा अपोस्टिल कधी झालं, याला महत्त्व नाही. आमची मुलं उत्साहात तो सगळ्यात आधी काढतात, कारण तो पटकन मिळतो. मग पदवीला पाच महिने लागतात आणि पीसीसी शिळा होतो. पदवीचं अपोस्टिल हातात आल्यावरच पीसीसीचा अर्ज करा.

जपानला नियोक्ता तिथल्या इमिग्रेशनकडून पात्रता प्रमाणपत्र काढून पाठवतो. त्याची मुदत तीन महिने. लोक समजतात की तेवढ्यात व्हिसाचा अर्ज केला की झालं. तसं नाही. तेवढ्या मुदतीत तुम्ही जपानच्या विमानतळावर उतरलेले असायला हवं. ते प्रमाणपत्र आलं की त्याच आठवड्यात व्हिसाचा अर्ज द्या. आणि मूळ पदवी एजन्सीकडे देण्याआधी तिची पुढची-मागची बाजू स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. पावतीवर कागदांची संख्या आकड्यात लिहून घ्या.