द्वेषगुन्हे कायदा आणि फर्स्ट रिस्पॉन्डर (अमेरिका)

वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, लैंगिक कल अशा कारणांवरून माणसाला हेरून केलेल्या गुन्ह्याला नेहमीपेक्षा जास्त शिक्षा देणारे कायदे अमेरिकेत ‘हेट क्राइम लॉज’ म्हणून ओळखले जातात. मराठीत त्यांना द्वेषगुन्हे कायदे म्हणता येईल. संकटात सर्वांत आधी धावून येणारे पोलीस, अग्निशमन दलाचे जवान आणि रुग्णवाहिकेवरचे वैद्यकीय कर्मचारी यांना तिकडे एकत्रितपणे ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ म्हणतात. द्वेषगुन्हे कायद्यातील संरक्षित गटांच्या यादीत त्यांचा पेशाही घालावा, ही मागणी २०१४ अखेरीपासून जोर धरू लागली. २०१६ मध्ये लुईझियाना राज्याने ती पहिल्यांदा मान्य केली आणि पाठोपाठ आणखी काही राज्ये त्या वाटेने गेली. बोलताना या कायद्यांना ‘ब्लू लाइव्ह्ज मॅटर कायदे’ म्हणतात. निळा हा पोलिसांच्या गणवेशाचा रंग, आणि नावावरूनच कळते की यादीत तीन पेशे असले तरी भांडण एकाच पेशावरून झाले.

द्वेषगुन्हे कायद्याची रचना ठाऊक नसेल तर हा वाद नीट कळत नाही. नुसता द्वेष हा अमेरिकेत गुन्हा नाही. आधी मारहाण, तोडफोड, खून असा एखादा मूळ गुन्हा घडावा लागतो. तो करताना बळीची निवड त्याच्या ओळखीवरून केली, असे सिद्ध झाले तर शिक्षेत भर पडते. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराने द्वेष व्यक्त करणाऱ्या चिन्हांवरच बंदी घातली होती. एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अंगणात क्रूस जाळल्याच्या प्रकरणात हा नियम सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९९२ मध्ये न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, विस्कॉन्सिनच्या खटल्यात मात्र वाढीव शिक्षेची पद्धत त्याच न्यायालयाने एकमताने उचलून धरली. बोलण्याला शिक्षा नाही, पण बळी का निवडला याची दखल घेता येते, अशी ती सीमारेषा आहे. २००० मध्ये न्यू जर्सीच्या एका निकालाने आणखी एक अट घातली. कमाल शिक्षा वाढवणारा हेतू न्यायाधीशाने परस्पर ठरवायचा नाही, तो ज्युरीपुढे निःसंशय सिद्ध झाला पाहिजे.

संघराज्याच्या पातळीवर १९९० मध्ये अशा गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला. २८ ऑक्टोबर २००९ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. १९९८ मध्ये शेपर्डला वायोमिंगमध्ये समलिंगी असल्यावरून, तर बर्डला टेक्सासमध्ये कृष्णवर्णीय असल्यावरून अमानुषपणे मारण्यात आले होते. सहसा कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, याच कायद्यासोबत लष्करातील माणसावर त्याच्या सेवेमुळे केलेला हल्ला हाही वेगळा संघीय गुन्हा ठरवण्यात आला. म्हणजे गणवेशाच्या पेशाला असे खास संरक्षण देण्याची कल्पना पोलिसांच्या आधी सैनिकांसाठी येऊन गेली होती.

९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसुरीतील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला आणि ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही घोषणा देशभर रस्त्यावर आली. त्याच वर्षी २० डिसेंबरला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गाडीत बसलेल्या दोन पोलिसांना एकाने जवळून गोळ्या घातल्या. या खुनांनंतर ‘ब्लू लाइव्ह्ज मॅटर’ ही प्रतिघोषणा जन्मली आणि जानेवारी २०१५ मध्ये ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलिस’ या बलाढ्य संघटनेने पोलिसांना द्वेषगुन्हे कायद्याखाली आणण्याची उघड मागणी केली. ऑगस्ट २०१५ मध्ये टेक्सासच्या हॅरिस काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) एक डेप्युटी शेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या (शेरीफच्या) हाताखालचा अधिकारी, गणवेशात पंपावर पेट्रोल भरत असताना पाठीमागून झालेल्या गोळीबारात ठार झाला. गणवेश दिसला म्हणून मारले, या युक्तिवादाला याहून बोलके उदाहरण समर्थकांना मिळाले नसते. आकडे दोन्ही बाजूंनी वापरले गेले. एफबीआयच्या नोंदींप्रमाणे गुन्हेगारी हल्ल्यांत २०१३ मध्ये २७, २०१४ मध्ये ५१, २०१५ मध्ये ४१ आणि २०१६ मध्ये ६६ पोलीस मारले गेले. २०१३ शी तुलना केली तर वाढ भयंकर दिसते; १९७० च्या दशकात काही वर्षी हा आकडा शंभराच्या वर होता, हे लक्षात घेतले तर चित्र बदलते.

लुईझियानाचे विधेयक रिपब्लिकन आमदार लान्स हॅरिस यांनी मांडले आणि २६ मे २०१६ रोजी गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी त्यावर सही केली. एडवर्ड्स डेमोक्रॅटिक पक्षाचे असल्याने बाहेरच्यांना आश्चर्य वाटले. पण त्यांचे वडील आणि भाऊ दोघेही टँजिपाहोआ पॅरिशचे (लुईझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात) शेरीफ, हे ठाऊक असलेल्या गावच्या माणसाला त्यात नवल नव्हते. १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीनुसार, पोलीस, अग्निशामक किंवा आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील माणूस म्हणून, किंवा तसा समज करून घेऊन, एखाद्याला लक्ष्य केले तर मूळ शिक्षेत भर पडते. किरकोळ गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद व ५०० डॉलरपर्यंत दंड, गंभीर गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद व ५,००० डॉलरपर्यंत दंड. गंमत म्हणजे लुईझियानाच्या जुन्या कलमात ‘एखाद्या संघटनेतील सदस्यत्व, सेवा किंवा नोकरी’ हेही कारण आधीपासून होते. शिवाय कर्तव्यावरील पोलीस किंवा अग्निशामकाचा हेतुपुरस्सर खून तिथे पहिल्या दर्जाचा खून ठरत असे आणि त्याला देहदंडापर्यंत शिक्षा होती. त्यावर आणखी पाच वर्षे चढवून कुणाला धाक बसणार, हा प्रश्न विरोधकांनी विचारला आणि त्याला सरळ उत्तर मिळाले नाही.

सही आणि अंमलबजावणी यांच्या मधल्या दोन महिन्यांतच सारे पेटले. ५ जुलैला लुईझियानाची राजधानी बॅटन रूज येथे ऑल्टन स्टर्लिंग हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या गोळ्यांनी मरण पावला. ७ जुलैला डॅलसमध्ये मोर्च्याच्या बंदोबस्तावरचे पाच पोलीस मारले गेले आणि १७ जुलैला खुद्द बॅटन रूजमध्ये तीन. समर्थक म्हणाले, पाहा, कायदा का हवा होता. पण डॅलसचा हल्लेखोर पोलिसांनी रोबोटवरून नेलेल्या स्फोटकाने, तर बॅटन रूजचा पोलिसांच्या गोळीने जागीच मेला. ब्रुकलिनच्या मारेकऱ्याने आधीच भुयारी रेल्वेच्या स्थानकात स्वतःला संपवले होते. ज्या घटनांमुळे हा कायदा लोकांच्या मनात रुजला, त्यांतील बहुतेक आरोपी न्यायालयाची पायरी चढण्याइतके जगलेच नाहीत.

कायदा प्रत्यक्ष वापरला गेला तो भलतीकडेच. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये एका तर्र झालेल्या माणसाने हॉटेलच्या काचेवर धक्के मारले आणि पकडायला आलेल्या पोलिसांना वंशद्वेषी व बायकांबद्दलच्या शिव्या घातल्या. त्याच्यावर नव्या तरतुदीखाली द्वेषगुन्ह्याचे कलम लावले गेले. टीका झाल्यावर कलम चुकीचे लागल्याचे पोलीस खात्यालाच मान्य करावे लागले. पोलिसाला शिवी देणे असभ्य खरे, पण गुन्हा नव्हे, हे १९८७ मध्ये ह्यूस्टन शहराविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे. जानेवारी २०१७ मध्ये सेंट मार्टिनव्हिल या छोट्या गावाच्या पोलीसप्रमुखांनी तर अटकेला केलेला प्रतिकारही आता द्वेषगुन्हा ठरतो, असे वार्ताहरांना सांगितले. कायद्याचा हेतू तसा नाही, हा खुलासा गव्हर्नरांच्या बाजूने आला.

या दोन प्रसंगांत नव्या रचनेचे सर्वांत अवघड दुखणे दिसते. इतर द्वेषगुन्ह्यांत बळी वेगळा आणि तपास करणारा वेगळा असतो. इथे फिर्यादी पोलीस, अटक करणारा पोलीस आणि हेतू काय होता हे कागदावर प्रथम लिहिणाराही पोलीसच. विरोधकांचा मुख्य आक्षेप याहून तात्त्विक होता. १९८१ पासून राज्यांना नमुना द्वेषगुन्हे कायदा पुरवणाऱ्या ‘अँटी डिफेमेशन लीग’ या ज्यूद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या संस्थेने लुईझियानाच्या विधेयकाला विरोध केला. माणूस कातडी, जन्म, श्रद्धा घरी ठेवून येऊ शकत नाही. गणवेश उतरवता येतो. यावर समर्थकांचे उत्तर अगदीच पोकळ नाही. धर्मही बदलता येतो, तरी तो यादीत आहे. आणि हल्लेखोराच्या डोळ्यांना गणवेश दिसत असेपर्यंत तो काढता येतो की नाही हा प्रश्न फिजूल आहे. पण द्वेषगुन्हे कायदे जन्मले ते तक्रार नोंदवूनच घेतली जात नाही अशा समूहांसाठी. पोलिसावरचा हल्ला नोंदवायचा राहिला, असे कुठल्याच राज्यात घडत नाही.

अग्निशामक आणि रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी या साऱ्यात मागच्या बाकावर राहिले. त्यांच्यावर हल्ले होतात, आणि काही फार क्रूर असतात. २४ डिसेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वेब्स्टर येथे एकाने आग लावून अग्निशामकांना बोलावून घेतले आणि दबा धरून गोळीबार केला. दोघे ठार झाले. रुग्णवाहिकेवरच्या माणसाला मार बसतो तो मात्र बहुधा नशेतल्या, भ्रमिष्ट किंवा वेदनेने बेभान झालेल्या रुग्णाचा. त्यात पेशाचा द्वेष शोधून सिद्ध करणे म्हणजे पाण्यात पावलांचे ठसे शोधणे. या कर्मचाऱ्यांना उपयोगी पडेल ती जोडीला माणूस, प्रशिक्षण आणि वेळेवर येणारी कुमक; द्वेषगुन्ह्याच्या कलमात यातले काहीच नाही.

२०१७ मध्ये केंटकी आणि मिसिसिपी यांनी असे कायदे केले. केंटकीत द्वेषगुन्हा ठरल्याने तुरुंगाची वर्षे आपोआप वाढत नाहीत. न्यायाधीश त्या आधारे प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळीक) नाकारू शकतो आणि पॅरोल मंडळ पॅरोल (मुदतीआधीची सुटका) नाकारू शकते. युटाने २०१९ मध्ये आपला दुबळा द्वेषगुन्हे कायदा नव्याने लिहिला तेव्हा वंश, धर्म, लैंगिक कल यांच्या रांगेत बेघरपणा, लष्करी सेवा, आपत्कालीन सेवा आणि पोलिसाची नोकरी हेही बसवले. जुलै २०२१ मध्ये त्याच राज्यातील पँग्विच गावाजवळ पोलिसांच्या समर्थनाचा फलक तुडवून डेप्युटीकडे पाहत छद्मी हसल्याबद्दल एका १९ वर्षांच्या मुलीवर वाढीव शिक्षेसह आरोप ठेवला गेला. किरकोळ तोडफोडीला त्यामुळे वर्षभराच्या कैदेची शक्यता जोडली गेली आणि ही बातमी देशभर गाजली.

जॉर्जियाची कथा वेगळी आहे. तिथला २००० सालचा द्वेषगुन्हे कायदा अतिशय मोघम म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केला आणि पुढे सोळा वर्षे राज्याकडे असा कायदाच नव्हता. २३ फेब्रुवारी २०२० रोजी धावायला निघालेल्या अहमद आर्बेरी या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या माणसांनी पाठलाग करून मारले, तेव्हा विधिमंडळावर दबाव आला. सिनेटमधील रिपब्लिकनांनी त्या विधेयकात फर्स्ट रिस्पॉन्डरही घातले. कृष्णवर्णीय आमदार संतापले. आर्बेरी प्रकरणात स्थानिक यंत्रणेने आरोपींना दोन महिन्यांहून अधिक काळ अटकच केली नव्हती, आणि त्याच्या नावावर निघालेल्या कायद्यात पोलिसांना जागा मागितली जात होती. शेवटी तोड निघाली. पोलिसांचा भाग काढून तो वेगळ्या विधेयकात टाकला गेला. द्वेषगुन्हे कायद्यावर गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी २६ जून २०२० रोजी सही केली, दुसऱ्यावर ऑगस्टमध्ये. दुसऱ्याने फर्स्ट रिस्पॉन्डरला त्याच्या पेशावरून धमकावण्याच्या हेतूने इजा किंवा नुकसान करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. शिक्षा एक ते पाच वर्षे.

वॉशिंग्टनमध्ये, म्हणजे संघराज्याच्या पातळीवर, गाडी पुढे सरकली नाही. कोलोरॅडोचे खासदार केन बक यांनी २०१६ मध्ये विधेयक आणले, ते पडून राहिले. १६ मे २०१८ रोजी प्रतिनिधिगृहाने (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) ‘प्रोटेक्ट अँड सर्व्ह’ विधेयक ३८२ विरुद्ध ३५ मतांनी संमत केले. ते मांडणारे जॉन रदरफोर्ड आणि व्हॅल डेमिंग्ज हे दोघे फ्लोरिडाचे, पक्ष वेगळे, पण दोघांचीही हयात पोलिसात गेलेली: एक जॅक्सनव्हिलचे माजी शेरीफ, दुसऱ्या ऑरलँडोच्या माजी पोलीसप्रमुख. त्यात गंभीर इजेसाठी दहा वर्षांपर्यंत कैद होती, मात्र द्वेषगुन्ह्याची भाषा टाळली होती. ती भाषा ऑरिन हॅच आणि हायडी हाइटकँप यांच्या सिनेटमधील मसुद्यात होती. सिनेटने काहीच मंजूर केले नाही.

हेच काम दुसऱ्या वाटेनेही होते. इंग्लंड व वेल्समध्ये २०१८ च्या कायद्याने पोलीस, अग्निशामक, तुरुंगाधिकारी आणि आरोग्यसेवक यांच्यावरील साध्या मारहाणीची कमाल शिक्षा बारा महिने केली आणि २०२२ मध्ये ती दोन वर्षांवर नेली. तिथे हेतूत द्वेष शोधावा लागत नाही. समोरचा माणूस त्या वेळी कामावर होता एवढे पुरते. महाराष्ट्रात ‘३५३ लावला’ (भारतीय दंड संहितेचे कलम) म्हटले की सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा कुणालाही कळत असे, आणि त्या कलमाचा न्यायही हाच होता. राज्याने दुरुस्ती करून त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. डॉक्टर व रुग्णालयांसाठी २०१० चा वेगळा राज्य कायदा आहे, तर २०२० मध्ये कोविडकाळात केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर इजेला सात वर्षांपर्यंत कैद ठरवली. अमेरिकी द्वेषगुन्हे कायद्याच्या जवळ जाणारा आपल्याकडचा कायदा म्हणजे १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा, आणि त्यात पेशाला जागा नाही. जुलै २०२४ पासून ३५३ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ ने घेतली, आणि त्यात कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षेच लिहिलेली आहे.