दारू ‘पचते’ त्याला धोका नाही?

‘त्याला चार पेग पचतात, तो कसला दारुडा होतोय!’ हे सर्रास ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. अमेरिकेत सॅन दिएगोला मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली. उभं करून शरीर किती डोलतं ते पाहिलं, रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तपासलं. वडील व्यसनी असलेल्या बऱ्याच मुलांत दोन्हींवर परिणाम कमी दिसला. रक्तातली दारू मात्र इतरांइतकीच!

पुढचे आकडे काळजीत टाकणारे आहेत. व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना दारू कमी चढली, त्यांतले ५६ टक्के दहाएक वर्षांत व्यसनात अडकले. ज्यांना पटकन चढली, त्यांतले १४ टक्के. शरीर ‘बास’ म्हणतच नाही, मग ग्लास भरत राहतो. अर्थात, उरलेले ४४ टक्के अडकले नाहीत, हेही तितकंच खरं.