ग्राफिक नॉव्हेलचं लाइव्ह संगीत आणि गॅलरी प्रदर्शनात रूपांतर

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे चित्रांतून सांगितलेली, अख्ख्या पुस्तकाएवढी लांब गोष्ट. ती पानावरून उचलून मोठ्या स्क्रीनवर आणायची आणि समोर वादक-गायक बसवायचे, किंवा तिची मूळ पानं, स्केचेस, रेकॉर्डिंग असं सगळं गॅलरीत मांडायचं, कधी दोन्ही एकत्र, असा हा प्रकार. सिनेमात नट येतात आणि चित्रं जातात, इथे मात्र चित्रकाराने काढलेलं चित्रच शेवटपर्यंत समोर राहतं, आणि मला तरी याची सगळी मजा तिथेच वाटते.

खरी अडचण वेळेची आहे. पुस्तक वाचणारा एका पानावर हवा तेवढा थांबतो, मागे जातो, घाई असेल तर पुढचं आधी बघून घेतो. स्टेजवर हा ताबा वादकांकडे जातो, भिंतीवर बघणाऱ्याच्या पायांकडे. उभं पान आडव्या स्क्रीनवर बसत नाही म्हणून चौकटी सुट्या करून एकेक दाखवाव्या लागतात, पण मग पूर्ण पान एका नजरेत दिसण्याचा जो परिणाम असतो तो जातो, शिवाय पान उलटल्यावर बसणारा धक्का आता तालावर बसवावा लागतो, चित्र अर्धा सेकंद आधी आलं तरी सगळं ओम फस. बोलण्याचे फुगे तर बहुतेक वेळा काढूनच टाकतात, कारण तेच शब्द कानावर येत असताना डोळे वाचायला लागले की ना गाणं धड ऐकलं जातं ना चित्र बघितलं जातं.

अमेरिकन चित्रकार बेन कॅचरने १९९९ मध्ये 'बँग ऑन अ कॅन' या न्यूयॉर्कच्या संगीत-गटाच्या तीन संगीतकारांबरोबर एक कॉमिक-ऑपेरा केला, त्यात गायक त्याच्या प्रोजेक्ट केलेल्या चित्रांमध्येच उभे राहून गातात. २०१३ मध्ये सिडनी ऑपेरा हाऊसला कॉमिक चित्रकार आर्ट स्पीगलमन आणि सॅक्सोफोनवादक फिलिप जॉन्स्टन यांनी फ्रान्स मासरील, लिंड वॉर्ड वगैरेंच्या शब्दच नसलेल्या चित्रकथा जाझच्या साथीने दाखवल्या. शब्द नसलेली पुस्तकं या कामाला फार सोयीची, हे त्यातून दिसलं.

सगळ्यात नीट जमलेलं उदाहरण म्हणजे ब्रिटिश चित्रकार डेव्ह मॅकीनचं ग्राफिक नॉव्हेल 'ब्लॅक डॉग' (२०१६). पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त ब्रिटनमध्ये '१४-१८ नाऊ' नावाचा कला-कार्यक्रम चालला होता, त्यांनी केंडल (इंग्लंड) आणि अमियेन्स (फ्रान्स) इथल्या कॉमिक फेस्टिवलांबरोबर हे काम मॅकीनला दिलं. विषय ब्रिटिश चित्रकार पॉल नॅश (१८८९–१९४६). नॅश १९१७ च्या मे महिन्यात बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर रात्री खंदकात पडला, बरगडी मोडली आणि त्याला इंग्लंडला पाठवलं, आणि काहीच दिवसांत त्याच्या तुकडीतले बरेच जण तिथल्याच 'हिल ६०' नावाच्या टेकडीवरच्या हल्ल्यात मेले. मग तो अधिकृत युद्धचित्रकार होऊन परत गेला, आणि चिखल, खड्डे, जळलेल्या झाडांचे बुंधे असं सगळं त्याने रंगवलं. मॅकीनने हे चरित्र सरळ सांगितलंच नाही, त्याने नॅशची स्वप्नं सांगितली, त्यांतून एक काळा कुत्रा फिरत राहतो. ऑइल, फोटो, कोलाज, पेनाची रेघ, जसं स्वप्न तशी चित्राची पद्धत बदलते. संगीतही मॅकीनचंच, आणि प्रयोगात चित्रं मागे स्क्रीनवर, पुढे चेलो, पियानो आणि गाणं. अमियेन्स, केंडल आणि लंडनच्या टेट ब्रिटन या कला संग्रहालयात प्रयोग झाले. टेटमध्ये २०१६ च्या ऑक्टोबरपासून २०१७ च्या मार्चपर्यंत नॅशचं मोठं प्रदर्शनही होतं, म्हणजे कॉमिक, संगीत आणि ज्याच्यावर हे सगळं उभं आहे त्याची खरी चित्रं एकाच इमारतीत, असा योग क्वचित येतो.

हे जमलं कारण पुस्तक आणि प्रयोग हातात हात घालून तयार झाले. एकेक स्वप्न म्हणजे एकेक गाण्याएवढा तुकडा, त्यामुळे नंतर कापाकापी करायची वेळ आली नाही.

चित्र दाखवत गाण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं एकेक करून समोर धरतात आणि वीणा, टाळ, हुडूक (डमरूच्या आकाराचं वाद्य) यांच्या साथीने कथा लावतात, चित्रांच्या अशा गठ्ठ्याला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांनी तर गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलं, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे ग्राफिक नॉव्हेल नव्हे, पण पुढचं चित्र कधी वर काढायचं हे गाणाऱ्याच्या हातात असणं, हे तंत्र तेच.

गॅलरीचा मामला वेगळा. भिंतीवर पुस्तकातलंच पान मोठं करून लावलं तर बघणाऱ्याला काही नवं मिळत नाही. मूळ पान जवळून बघितलं की पेन्सिलच्या निळ्या रेघा, पांढऱ्या रंगाने झाकलेली चूक, वरून चिकटवलेली अक्षरांची पट्टी दिसते, छापताना हे सगळं गायब होतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९१ च्या अखेरीस स्पीगलमनच्या 'माउस' या, वडिलांच्या नाझी छळछावणीतल्या आठवणींवरच्या ग्राफिक नॉव्हेलचं प्रदर्शन केलं तेव्हा पानांबरोबर कच्ची स्केचेस आणि त्या वडिलांच्या मुलाखतीच्या टेप्सही ठेवल्या होत्या. आता कॉम्प्युटरवर काढणाऱ्यांची पंचाईत अशी की मूळ पान नावाची वस्तूच नसते, म्हणून मग प्रिंट फ्रेम करतात, किंवा फाइलचे थर वेगवेगळे करून स्क्रीनवर दाखवतात, आणि मला विचाराल तर दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक, कारण त्यात चित्र कसं घडलं ते तरी दिसतं.