तोकडी चोच

पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशात, बाँ दार्गँच्या किनाऱ्याला ओहोटी लागली की दूरवर चिखल उघडा पडतो आणि त्यावर रेड नॉट पक्ष्यांचे थवे उतरतात. साधारण मैनेएवढा, ठेंगणा, गुबगुबीत पक्षी. चालता चालता चोच ओल्या वाळूत खुपसायची, काढायची, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा खुपसायची. बघणाऱ्याला वाटतं, हा अंदाजाने टोचतोय. पण त्याच्या चोचीच्या टोकाला दाब ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. चोच आत शिरली की वाळूच्या कणांमधलं पाणी दाबलं जातं, आणि जवळ शिंपला पुरलेला असेल तर त्या दाबात किंचित फरक पडतो. शिंपल्याला चोच लागायच्या आधीच तो कुठे आहे, हे त्याला कळलेलं असतं.

मग तो शिंपला कवचासकट गिळतो. तिसऱ्या खाताना आपण शिंपा बाजूला ठेवतो, याच्या पोटात तो फुटतो. कोंबडी साफ करताना जो जाड, स्नायूंचा पोटाचा गोळा निघतो, तीच ही पेषणी. या पेषणीचा आकार ठरलेला नसतो. पकडून ठेवलेल्या रेड नॉटना मऊ खाणं दिलं तर ती आक्रसते आणि पुन्हा टणक शिंपले दिले की साधारण आठवड्याभरात वाढते.

लांब पल्ल्याच्या किनारपक्ष्यांच्या शरीराची ही लवचिकता मला फार थक्क करते. पट्टेदार शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून निघतो तो मध्ये कुठेही न उतरता थेट न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडे. 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू 11 दिवसांत सुमारे 13,560 किलोमीटर उडून टास्मानियाला पोचलं. अलास्कात एकदा असे काही कोवळे पाणटिवळे निघता निघताच रडारच्या घुमटावर आपटून मेले. त्यांची तपासणी केली तेव्हा शरीराच्या वजनातली निम्म्याहून जास्त चरबी निघाली, आणि पेषणी, यकृत, मूत्रपिंडं, आतडी मात्र अगदी लहान झालेली. वाटेत खायचंच नाही, तर पचनाचा संसार उचलून कशाला न्यायचा? तिथे पोचलं की तो पुन्हा उभा राहतो.

हा झाला दरवर्षी होणारा आणि दरवर्षी पूर्ववत होणारा बदल. गेल्या काही दशकांत दिसू लागलेला बदल निराळा आहे, कारण तो परत फिरत नाही.

मॉरिटानियात हिवाळा काढणारे रेड नॉट अंडी घालतात ती सायबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमिर द्वीपकल्पात. तिथे बर्फ वितळलं की कीटकांची एकच झुंबड उडते आणि तेवढ्या थोड्या दिवसांत पिल्लांनी पोटभर खाऊन मोठं व्हायचं असतं. नेदरलँड्सचे यान फान खिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जे मांडलं ते असं: उपग्रहांच्या चित्रांनुसार 33 वर्षांत तिथलं बर्फ दरवर्षी सुमारे अर्धा दिवस लवकर वितळू लागलं आहे. म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त फरक. आफ्रिकेतून निघणाऱ्या आईबापांना हे कळणार कसं? पिल्लं फुटेपर्यंत कीटकांचा हंगाम ओसरू लागलेला असतो. पोलंडमध्ये, ग्दान्स्कच्या उपसागरावर, दक्षिणेकडे निघालेल्या कोवळ्या पक्ष्यांना पकडून मोजमापं घेतली, तर बर्फ लवकर गेलेल्या वर्षांची पिल्लं लहान भरली. त्यांची चोचही आखूड होती.

चोच कुणाची 30 मिलिमीटर, कुणाची 40. एका सेंटिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. पण बाँ दार्गँमधला मुख्य शिंपला, लोरिपीस, चिखलात नेमका तेवढाच खोल असतो. लांब चोचीला तो लागतो, आखूड चोचीच्या हाती त्यातला थोडाच येतो. मग ते पक्षी सागरी गवताची मुळं उकरून खातात. शिंपल्यांवर जगणाऱ्याला हा निकृष्ट आहार, आणि अशी पिल्लं जास्त मरतात. उत्तर ध्रुवाजवळच्या उपासमारीची किंमत हजारो किलोमीटरवर, उष्ण कटिबंधात चुकवावी लागते.

शरीर लहान होतंय म्हणजे पक्षी तापमानवाढीशी जुळवून घेतायत, असं पटकन म्हटलं जातं. लहान शरीरातून उष्णता लवकर बाहेर पडते, हे खरंच. पण तैमिरच्या पिल्लांचं खुजेपण मला जुळवून घेणं वाटत नाही. बाळपणी नीट खायला न मिळाल्याची ती खूण आहे.

ऑस्ट्रेलियातलं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. 1975 ते 2021 या काळात तिथल्या हौशी पक्षीनिरीक्षकांनी 25 जातींच्या किनारपक्ष्यांच्या दोन लाखांहून जास्त नोंदी केल्या. त्यांत शरीरं लहान होत गेलेली दिसतात, छोट्या जातींमध्ये जास्त. चोची मात्र लांबत गेल्या आहेत. चोचीतून उष्णता बाहेर टाकता येते, त्यामुळे इथे उन्हाशी जुळवून घेण्याचा तर्क बसतो. पण कडक उन्हाळ्यानंतर चोची उलट आखूड भरतात! एकाच पक्ष्यावर दोन ओढी एकदम काम करत असाव्यात: पिढ्यान्‌पिढ्यांची उष्णता आणि त्या-त्या वर्षीचं पोट.

आपल्या ठाणे खाडीत, शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात बाकदार चोचीचे तुतवार दिसतात. या जातीची घरटीही सायबेरियाच्या त्याच उत्तर पट्ट्यात असतात, तैमिर धरून. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक खाडीवर जाळी लावून किनारपक्षी पकडतात, पायात कडी घालतात, पंख आणि चोच मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहितात आणि पक्षी सोडून देतात.