बाँबवर्षण, हवाई

विमानातून अथवा बलूनमधून शत्रूचे सैन्य, कारखाने, दळणवळण वा वस्ती यांवर बाँब टाकण्याचे युद्धतंत्र. आघाडीपासून शेकडो किमी. मागे असलेली शहरे यामुळे प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात आली.

प्रारंभाविषयी मतभेद आहेत. 1849 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियन सैन्याने वेढलेल्या व्हेनिसवर बाँब बांधलेले बलून सोडले. काही लेखक हेच पहिले हवाई बाँबवर्षण मानतात. पण बलून निर्मनुष्य होते आणि वारा फिरताच काही सोडणाऱ्यांकडेच परतले. त्यामुळे ही घटना प्रयोग म्हणून नोंदणेच इष्ट. बल्गेरियात 16 ऑक्टोबर 1912 च्या एदिर्ने या तुर्की शहराजवळील हल्ल्याला पहिलेपणाचा मान दिला जातो. सामान्यतः मात्र इटली–तुर्कस्तान युद्धातील घटना ग्राह्य धरतात : 1 नोव्हेंबर 1911 रोजी जूल्यो गाव्होत्ती या इटालियन लेफ्टनंटने त्रिपोलीजवळ ऐन झारा व ताजुरा येथे चार लहान बाँब टाकले. प्रत्येकाचे वजन दीड-दोन किग्रॅ. असावे, कोठे किती पडले याबाबत वृत्तांत जुळत नाहीत. बलूनमधून स्फोटके टाकण्यावर 1899 च्या हेग परिषदेने पाच वर्षांची बंदी घातली होती. 1907 मध्ये ती पुन्हा घालताना जर्मनी व फ्रान्स यांनी सही केली नाही.

पहिल्या महायुद्धात झेपलिन ही जर्मन हवाई जहाजे व गोथा ही जर्मन बाँबफेकी विमाने यांनी लंडनवर हल्ले केले. नागरिकांचे मनोधैर्य खचले, की राष्ट्र शरण येते, असा सिद्धांत इटालियन सेनानी जूल्यो दूए यांनी 1921 मध्ये मांडला. स्पेनच्या यादवी युद्धात गेर्निका या बास्क गावावर झालेल्या बाँबवर्षणातील (26 एप्रिल 1937) मृतांचा आकडा बास्क सरकारने 1,654 दिला. अलीकडील संशोधकांचा 150 ते 300 हा अंदाज अधिक संभाव्य वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात खरी अडचण अचूकतेची होती. ऑगस्ट 1941 च्या बट अहवालासाठी (ब्रिटिश बाँबवर्षणाच्या अचूकतेची सरकारी पाहणी) छायाचित्रे तपासली, तेव्हा लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या ब्रिटिश विमानांपैकी जेमतेम एक-तृतीयांश विमाने लक्ष्याच्या 8 किमी. परिसरात पोहोचल्याचे दिसले. रूर या जर्मन औद्योगिक खोऱ्यात तर दहांतून एक. कारखाना अंधारात सापडत नाही, तर शहरच लक्ष्य मानावे, हे ब्रिटिश धोरण फेब्रुवारी 1942 मध्ये आले. हँबर्ग (1943) व ड्रेझ्डेन (1945) ही त्याची फळे. टोकिओत 9–10 मार्च 1945 च्या रात्री सुमारे एक लाख लोक मेले असावेत. तरीही जर्मनीचे शस्त्रोत्पादन 1944 च्या मध्यापर्यंत वाढतच होते. दूए यांचे भाकीत तेथे तरी फसले. जपानच्या शरणागतीत अणुबाँबचा वाटा मोठा की सोव्हिएट युद्धप्रवेशाचा, यावर एकमत नाही.

व्हिएटनाममधील थान होआ पूल वर्षानुवर्षे हल्ले होऊनही टिकला होता. 1972 मध्ये लेसर-नियंत्रित बाँबनी तो निकामी केला. जिनीव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी-संधीने शहरांवरील सरसकट बाँबवर्षणास मनाई केली आहे.