डिग्रीजर आणि सॉल्व्हंट: चिकटा दोन्हींनी निघतो, पण सारखा नाही

डिग्रीजर हे कामाचं नाव आहे आणि सॉल्व्हंट हे त्या कामाच्या एका रीतीचं. सगळा घोळ इथेच होतो. ओशटपणा काढणाऱ्या कशालाही डिग्रीजर म्हणता येतं. त्यामुळे रॉकेलसारख्या द्रवात साबणी पदार्थ मिसळलेल्या डब्यावरही तेच नाव असतं आणि पाण्यात क्षार कालवलेल्या बाटलीवरही. सॉल्व्हंट म्हटलं की मात्र रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर, ॲसिटोन ही मंडळी, म्हणजे तेल-ग्रीस स्वतःत विरघळवून घेणारे द्रव. इथे गाडी-इंजिनचे पार्ट धुण्याचं बोलतोय, आणि डिग्रीजर म्हणजे पाण्यावरचा, पाण्यात कालवलेला, असं धरून चालू.

लेबल पुसलं गेलं असेल तर काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात चमचाभर टाका आणि हलवा. वर वेगळा थर तरंगला तर ते रॉकेलच्या जातीचं. पाणी दुधासारखं पांढरं झालं तर तो मधला प्रकार: आधी कोरड्या पार्टवर चोळायचा, मग पाण्याने धुवायचा. बेमालूम मिसळलं तर बहुधा पाण्यावरचा डिग्रीजर. ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलही असेच मिसळतात, पण त्यांचा वास लपत नाही. आणि थेंब तळाला जाऊन बसले तर क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट असण्याची दाट शक्यता. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

रॉकेल आणि इंजिन ऑइल दोन्ही हायड्रोकार्बनच, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे एकाच जातीचे पदार्थ, त्यामुळे एकमेकांत सहज मिसळतात. ब्रश फिरवला की काळा राप ओघळायला लागतो आणि आपण खूश. पण तो राप कुठे गेला? त्याच ट्रेमध्ये. चौथा पार्ट बुडवेपर्यंत ट्रेमध्ये रॉकेल नसतं, पातळ केलेलं घाणेरडं तेल असतं, आणि वाळल्यावर त्याचाच पापुद्रा पार्टवर राहतो. म्हणून दोन ट्रे ठेवावेत, पहिला मळका आणि दुसरा निर्मळ. एवढं करूनही रॉकेलचा स्वतःचा ओशटपणा उरतोच.

डिग्रीजरची रीत वेगळी. त्यातल्या साबणी रेणूंचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेलाचे बारीक थेंब सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. याला वेळ लागतो, घासावं लागतं, आणि कोमट पाण्यात तो कितीतरी जास्त काम करतो. जाड ग्रीसवर नुसता फवारा मारून वाट पाहिली तर वरचा थर तेवढा भिजतो. आधी पत्र्याच्या किंवा लाकडाच्या पट्टीने खरवडून घ्या, अर्धं काम तिथेच होतं. मात्र नीट धुतलं की धातू खरंच कोरा होतो. पडताळायचं असेल तर पार्टवर पाणी ओता. अखंड पातळ पडदा पसरला तर तेल गेलं. पाणी थेंबाथेंबांनी गोळा झालं तर पुन्हा घासायला घ्या.

मग सरळ डिग्रीजरच का वापरू नये? दोन कारणं आहेत. पहिलं गंज. कोऱ्या पोलादावर पाणी सुकेपर्यंत तांबूस छटा येऊ शकते, म्हणून धुतल्या धुतल्या वाळवून तेलाचा हात फिरवावा लागतो. बेअरिंग, चेन, गिअर यांना मी पाणी लावतच नाही. रॉकेलचा जो पापुद्रा गास्केटला (दोन पार्टच्या सांध्यात गळती थांबवायला बसवतात त्या पातळ चकतीला) नडतो, तोच बेअरिंगचा पुढचं ग्रीस भरेपर्यंत गंजापासून थोडाफार बचाव करतो. (धुतलेलं बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवून वाळवू नका. कोरडंच फिरल्याने ते खराब होतं, आणि फुटून उडूही शकतं.)

दुसरं कारण ॲल्युमिनियम, आणि ते मी स्वतःच्या चुकीने शिकलो. क्रँककेसचं (इंजिनच्या खालच्या पेटीचं) झाकण तीव्र डिग्रीजरमध्ये रात्रभर बुडवून ठेवलं होतं. सकाळी बादलीतून बारीक बुडबुडे येत होते आणि झाकण काळंठिक्कर, हाताला खरखरीत. त्या द्रवात कॉस्टिक सोडा होता. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. ते बुडबुडे त्याचेच. ग्रीस गेलं होतं हे खरं, पण बरोबर झाकणाचा पृष्ठभागही गेला. कार्ब्युरेटर, पिस्टन, सिलिंडर हेड यांच्यासाठी ‘ॲल्युमिनियमला चालतो’ असं लिहिलेलाच डिग्रीजर घ्या आणि तोही काही मिनिटंच ठेवा.

सॉल्व्हंटचा धोका आगीचा, पण सगळ्यांचा सारखा नाही. रॉकेलची पेट घेण्याइतकी वाफ साधारण 38 अंश सेल्सिअसच्या वर तयार होते, पेट्रोलची उणे 40 च्या आसपासच. म्हणजे कितीही थंडी असली तरी पेट्रोलच्या ट्रेवर पेटणारी वाफ असतेच. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. शिवाय पेट्रोलमधलं बेंझिन कर्करोगकारक आहे. पेट्रोलने पार्ट धुणं मला अजिबात मान्य नाही, मग कितीही जण करोत. रॉकेलसुद्धा गरम इंजिनवर किंवा बंद खोलीत नकोच.

ब्रेकची गोष्ट निराळी. तिथली रबरी सील बऱ्याचदा ईपीडीएम रबराची असतात आणि रॉकेल-पेट्रोल लागलं की फुगतात. तिथे ब्रेक क्लीनरच. तो पटकन उडून जातो, मागे काही ठेवत नाही, म्हणून गास्केट किंवा रंग लावण्याआधीचा शेवटचा हातही त्याचाच बरा. फक्त क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या पार्टवर वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या आर्कजवळ, म्हणजे त्या प्रखर ठिणगीजवळ, त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

पिस्टनच्या माथ्यावरचा करपलेला कार्बन यांपैकी कशानेच झटकन जात नाही. ते आता ग्रीस राहिलेलंच नसतं.

मळकं रॉकेल टाकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस हलवल्याशिवाय ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं अलगद काढून पहिल्या ट्रेसाठी पुन्हा वापरता येतं. तळाचा साका जुन्या इंजिन ऑइलबरोबर द्यायचा, गटारात नाही. डिग्रीजरचं काळपट पाणीही गटारात नको, कारण साबण लागला म्हणून त्यातलं तेल नाहीसं झालेलं नसतं.